छावणीतलं तांबडं रक्त

दरवर्षी पहिल्या चाचणीच्या आधी मला फळ्यावर एक वाक्य लिहावं लागतं: 'तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र होय.' पोरं खाली मान घालून ते उतरवून घेतात, पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि मार्क घेऊन मोकळी होतात. मला मात्र ते लिहिताना दरवेळी वाटतं की हे वाक्य काहीतरी लपवतंय. इतकी गुळगुळीत वाक्यं मला पटत नाहीत. गुळगुळीत माणसंही पटत नाहीत. स्वभावच तसा आहे. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर जास्त टाकली, तर मी आधी जुडी उलगडून बघते. घरचे म्हणतात, हिला देव प्रसन्न झाला तर ही त्याचं ओळखपत्र मागेल. म्हणू देत.

ऊर्जाकेंद्र म्हटलं की आमच्या जिल्ह्यातल्या पोरांना परळीची धुराडी आठवतात. कोळसा घाला, वीज घ्या. पेशीत असं भडकन काही पेटत नाही. भाकरीतून आलेली साखर तिथं थोडी थोडी मोडत जाते. तिच्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पापुद्र्यावर एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याच्या हातून तिसऱ्याच्या, असे पुढे सरकतात. दर हातबदलीला थोडी ताकद मोकळी होते आणि त्या ताकदीवर हायड्रोजनचे कण पापुद्र्याच्या पलीकडं ढकलले जातात. तिकडं दाटी झाली की ते परत यायला बघतात. पण परतीची वाट एका फिरत्या चक्रातूनच जाते. ते चक्र फिरलं की एटीपी नावाचा पदार्थ तयार होतो. पापणी लववायची असो नाहीतर नांगर ओढायचा असो, अंगात लागतो तो हाच. आणि या सगळ्या रांगेच्या शेवटी ऑक्सिजन उभा असतो. थकून आलेले इलेक्ट्रॉन तो पदरात घेतो, हायड्रोजन घेतो, आणि त्याचं पाणी होतं.

मी हे बीडच्या कॉलेजात पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा आमच्याकडं दुष्काळ होता. सर म्हणाले, "शेवटी पाणी तयार होतं." तसा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, थोडं आमच्या गावाला पाठवा की." सगळा वर्ग हसला, सरही हसले. मग त्यांनी सायनाइडचं सांगितलं. रांगेतला जो शेवटचा गडी ऑक्सिजनच्या हातात इलेक्ट्रॉन देतो, नेमका त्यालाच सायनाइड घट्ट धरून बसतं. मी दूध संस्थेच्या गावची, त्यामुळं मला ते कॅनच्या हिशेबानं कळलं. घरोघरचं दूध संस्थेत, संस्थेतून शीतकरण केंद्रात, तिथून टँकरनं शहरात. आता समजा, तो शेवटचा टँकर आलाच नाही. मग मागं कुणाचाच कॅन रिकामा होत नाही. सगळीकडं भरलेलं आणि सगळं नासणारं. सायनाइडनं तसंच होतं. छातीत हवा जाते, रक्त ऑक्सिजन भरून पेशीच्या दारापर्यंत नेतं, पण आत तो कुणी घेतच नाही. रक्त भरलं तसंच माघारी फिरतं, म्हणून शिरेतलं रक्तसुद्धा लालभडक राहतं. जनावर मोकळ्या हवेत उभं असतं, श्वास घेत असतं, आणि गुदमरून मरतं.

मी हे उतरवून घेतलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी आले.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, चकलांब्याकडं जाताना लागतं. त्या वर्षी विहिरी मार्गशीर्षातच आटल्या होत्या. गावच्या दूध संस्थेनं माळावर जनावरांची छावणी काढली होती. बांबू रोवून वर पाचटाची सावली, खाली रांगेनं बांधलेल्या गाई, बैल, म्हशी. वैरण म्हणून कारखान्याच्या पट्ट्यातून ऊस यायचा आणि वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, यायचं. जनावरांना सकाळी ऊस, संध्याकाळी ऊस. गोड खाऊन खाऊन त्यांची तोंडं सोलली होती. जिभेवर फोड आलेल्या गाई उसाची कांडी तोंडात धरून नुसत्या उभ्या राहायच्या.

त्या छावणीत वैरण वाटायचं आणि पाणी पाजायचं काम माझ्या वडिलांकडं होतं. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आबांना ते काम दिलं म्हणून संस्थेत आधीच कुरबूर झाली होती. आम्ही बौद्ध. आमच्या हातची वैरण गावातल्या गाईंनी खावी की नाही, यावर गाईंना कुणी विचारलं नव्हतं. पण संस्थेच्या एका मेंबरनं बैठकीत आवाज चढवला होता. "दुसरा कुणी मानूस न्हाई का गावात?" असं तो म्हणाला होता. चेअरमन मात्र आबांच्या बाजूनं उभे राहिले. माणूस प्रामाणिक आहे, जनावराची जाण आहे, एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. त्यांच्याबद्दल आमच्या घरात चांगलंच बोललं जायचं. मी मनात म्हणायची, बघू किती दिवस.

आई आबांना रोज निघताना सांगायची, "हात दिसू द्या." म्हणजे वैरण तोडताना, वाटताना कुणाच्या तरी नजरेसमोर राहा. आडोशाला काही करू नका. कुणाच्या गाईच्या तोंडाला उगाच हात लावू नका. आबा हसायचे, पण तसंच वागायचे. बाह्या कोपराच्या वर दुमडून काम करायचे आणि वैरणीचा ढीग छावणीच्या मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा रचायचे. असं जगायला माणसाला किती त्रास होतो, हे कुठल्या पुस्तकात नसतं.

त्या दिवशी मी सकाळची भाकरी घेऊन छावणीवर गेले, तर लांबूनच गलका ऐकू आला. चेअरमनच्या दोन्ही जर्सी गाई दावणीला आडव्या पडल्या होत्या. एक मेलेली होती. दुसरीचे पाय ताठ झाले होते, तोंडाला फेस, डोळे मोठे केलेले, नाकपुड्या फुगलेल्या. एवढी हवा ओढत होती की बरगड्या मोजता याव्यात, आणि तरीही तिला ती पुरत नव्हती. माझ्यादेखत तीही गेली. शेजारच्या खुंट्याला तिसरी गाय होती, ती त्याच मेंबरची. ती अजून उभी होती, पण पाय लटपटत होते आणि तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या.

आबा पाण्याच्या टाकीजवळ उभे होते. बाह्या वर, दोन्ही हात मोकळे. त्यांच्याभोवती माणसांचा अर्धा वेढा पडला होता.

"काल धार काढाया आलतो तवा चांगली टनटनीत व्हती," मेंबर म्हणत होता. "कावून लटपटती मग आज? ह्यालाच ईचारा. वैरण ह्याच्या हातची हाय."

"मी समद्यायला येकाच ढिगातली वैरण घातली," आबा म्हणाले. "बाकीची जनावरं हुबी हायती, बघा की."

"तेच म्हणतो ना बे मी! येकाच ढिगातली वैरण, आन् तीनच गाईला कसं झालं? पाठीमागून काहीतरी घातलंय."

आबांनी स्वतःच्या बाजूनं जे सांगितलं, तेच त्यांच्यावर उलटलं. गर्दीतून कुणीतरी, चेहरा न दाखवता, ते जुनं वाक्य काढलं. "कातड्यासाठी ह्यांच्यात हे पयल्यापासून चालत आलंय." पूर्वी कुठं जनावर अचानक मेलं की आमच्या लोकांवर हाच आळ यायचा: मेलेलं जनावर यांच्या वाट्याला जातं, म्हणून हेच विष घालतात. आळ घालणाऱ्यांच्या पिढ्या गेल्या, आळ मात्र धडधाकट राहिला. मला भीती वाटली. खरंच भीती वाटली. आबांचं काम जाणार, एवढ्यावर हे थांबणार नव्हतं. हा आळ चिकटला असता तर आम्हांला गाव सोडावं लागलं असतं, आणि वाटेत काय काय झालं असतं ते सांगता येत नाही.

चेअरमन तेवढे शांत होते. त्यांच्याच गाई मेल्या होत्या, तरी ते म्हणाले, "गप बसा जरा. डॉक्टर येऊ द्या." जनावरांचे सरकारी डॉक्टर शेजारच्या गावात लस टोचायला आलेले होते, त्यांना आणायला मोटारसायकल गेली होती. एवढ्यात चेअरमनची बायकोही आली. तिला सगळे काकू म्हणायचे. या गाई तिनं वासरं असल्यापासून वाढवलेल्या. गाईला चारा घातल्याशिवाय ती स्वतः चहा घेत नसे, असं गावात सांगत. ती बायकांच्या घोळक्यात पदराचा बोळा तोंडावर धरून उभी राहिली. रडत नव्हती. मला ते खटकलं. पण मला तर त्या सकाळी सगळंच खटकत होतं.

डॉक्टर आले. त्यांनी मेलेल्या गाईच्या मानेची शीर कापली आणि रक्त आलं ते कुंकवासारखं लाल. गुदमरून मेलेल्या जनावराचं रक्त काळपट असायला हवं. मला कॉलेजात शिकलेलं सगळं एका झटक्यात आठवलं आणि माझ्या ओठावर शब्द आला: सायनाइड.

मी तो दातांनी अडवला. त्या गर्दीत 'सायनाइड' म्हणजे विष, आणि विष म्हणजे आबा. एवढं गणित करायला त्यांना कॉलेजात जायची गरज नव्हती. पण गप्प राहून माझं डोकं थांबेना. खरंच कुणीतरी विष घातलंय, याची मला आता खात्री झाली होती. मग घातलं कुणी? मेंबरनं? त्याला आबा नको होते, आणि स्वतःची गाय थोडी आजारी पाडून संशय टाळणं त्याला जमलं असतं. संस्थेच्या सेक्रेटरीनं? तो मला आधीपासून आवडत नव्हता. सोनाराकडं मुलाम्याला सायनाइड वापरतात म्हणे. गेवराईत सोनार काय कमी आहेत? डॉक्टर यायच्या आधी मी एकट्या आबांना आरोपी होताना पाहिलं होतं. डॉक्टर आल्यावर मी मनातल्या मनात सगळ्या गावाला आरोपी करून टाकलं.

डॉक्टरांनी रक्ताकडं बघितलं, मग गाईच्या पोटावर सुरी चालवली. आतून उसाचा चोथा निघाला. त्यांनी तो हातानं पसरला आणि एकदम थांबले. चोथ्यात हिरव्या पानाचे तुकडे होते. कोवळे, ओले, हिरवेगार.

"ज्वारी आहे ही," ते म्हणाले. "कोवळी ज्वारी कुणी आणली?"

मग चेअरमन म्हणाले, "सायब, ह्या दिवसात कोवळी ज्वारी कुठून आली? पावसाळ्यात असती तर गोष्ट येगळी. किरळ लागती ती पावसाळ्यातल्या ज्वारीला, गुडघ्याखालच्या. ते आमाला बी ठाऊक हाय. हितं मानसाला प्यायला पानी न्हाई."

किरळ म्हणजे कोवळ्या ज्वारीचं विष. आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं की पावसाळ्यात गुडघ्याएवढी न झालेली ज्वारी जनावराला घालायची नाही, घातली तर किरळ लागते आणि जनावर जागेवर पडतं. मला माहीत नव्हतं ते वेगळंच. म्हणजे किरळ माहीत होती आणि सायनाइडही माहीत होतं. पण ती दोन्ही एकच आहेत, हे घरातल्या शहाणपणानंही सांगितलं नव्हतं आणि कॉलेजानंही नाही. ज्वारीच्या कोवळ्या पानात एक पदार्थ असतो, तो चावला, चिरडला गेला की त्यातून सायनाइड सुटतं. कुठला सोनार आणि कुठला मुलामा!

डॉक्टर घाईत होते. तिसऱ्या गाईनं आता गुडघे टेकले होते. "हे बघा," ते म्हणाले, "माझ्याकडं दोन औषधं आहेत. एकापाठोपाठ एक शिरेतून द्यायची. पण पहिलं औषध स्वतःच जहाल आहे. दुसरं काही पोटात असेल आणि मी ते टोचलं, तर गाय माझ्या हातानं मरेल. या गाईनं हिरवी ज्वारी खाल्ली का, एवढं मला कुणीतरी छातीवर हात ठेवून सांगा. लवकर."

"ह्या मानसाला ईचारा!" मेंबर ओरडला. आता त्याच्या आवाजात रडू होतं; गाय त्याची होती. "बोल की रं! काय घातलंस?"

आबांनी मान वर केली, तोंड उघडलं आणि परत मिटलं. ते ज्या तऱ्हेनं खाली बघायला लागले, त्यावरून मला कळलं की यांना काहीतरी माहीत आहे. काय माहीत आहे, आणि का सांगत नाहीत? त्या क्षणी मला त्यांचा हात धरून हलवावंसं वाटलं. मी हलवला नाही. सगळे आमच्याकडंच बघत होते.

तेवढ्यात बायकांचा घोळका हलला आणि काकू पुढं आली. चेअरमननी तिच्याकडं अशी नजर टाकली की दुसरी कुणी असती तर तिथंच थबकली असती. ती थबकली नाही.

"मी घातली," ती म्हणाली. "डाक्टर, टोचा सुई. मी घातलीय ज्वारी. तिन्ही गाईला."

डॉक्टरांनी पुढचं ऐकायला वेळ घालवला नाही. ते बॅग उघडून गाईच्या मानेशी बसले. आबा न सांगता गेले आणि त्यांनी गाईचं डोकं गुडघ्यावर घेऊन धरलं. सुई जात असताना काकू आपलं सांगत राहिली, कुणाला उद्देशून ते तिचं तिलाच ठाऊक.

झालं होतं ते असं. आमच्याकडं शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, कापत नाहीत; मुळासकट उपटतात. बापजाद्यांपासून तीच रीत. शेतात धसकट राहतच नाही, त्यामुळं शाळूला पुन्हा फुटवा येतो हे कुणी कधी बघितलेलंच नाही. पण त्या वर्षी रान इतकं टणक झालं होतं की ताटं उपटेनात. हाताला फोड आले, ताटं वरच्यावर तुटायला लागली, तेव्हा सगळ्यांनी विळे काढले आणि ज्वारी कापून घेतली. धसकटं रानात राहिली. चेअरमनच्या शेतातल्या विहिरीत सरकारी टँकर पाणी ओतायचा. ओतताना थोडं काठावरून सांडायचं आणि लगतच्या धसकटांना ओल मिळायची. उन्हानं करपत, ओलीनं फुटत, तिथं वीतभर पाला आला होता. सगळ्या शिवारात तेवढंच हिरवं.

"जिभा सोलल्यात वो त्यांच्या," काकू म्हणाली. "उसाकडं बघत बी न्हवत्या. मी म्हणलं, मऊ हाय, खातील. शाळूला कुठं किरळ लागती? आमी कधी आयकली न्हाई. आन् ही मेंबरची गाय सारखी बघत व्हती माझ्या टोपल्याकडं, म्हून तिलाबी येक मूठ टाकली."

एकच मूठ, म्हणून ती उभी होती.

डॉक्टर मान न उचलता म्हणाले, "धसकटाचा फुटवा पहिल्या ज्वारीपेक्षा वाईट. आणि पाण्यावाचून खुरटलेला तर फारच." पहिलं औषध रक्ताचाच थोडा भाग असा बदलून टाकतं की सायनाइड पेशीतल्या त्या शेवटच्या गड्याला सोडून त्या रक्ताला जाऊन चिकटतं, दुसरं औषध ते सायनाइड मोडून लघवीवाटे बाहेर घालवतं. हे मी नंतर वाचलं. तेव्हा नुसतं दिसलं ते असं की गाईच्या बरगड्यांची धाप हळूहळू कमी होत गेली. ती श्वास तर आधीही घेत होती; आता तो तिला पोचायला लागला. थोड्या वेळानं तिनं कान हलवला. मग मान झटकून आबांच्या गुडघ्यावरून डोकं उचललं.

गर्दी सैल झाली. जो तो बोलायला लागला, आणि मी कान देऊन ऐकत होते. "चुकून झालं बिचारीकडून." "मायेनं घातलं, तिचा काय दोष?" "गाईवर लई जीव तिचा." खरंच तिचा दोष नव्हता आणि खरंच तिनं मायेनं घातलं होतं, यात मला अजूनही शंका नाही. माझ्यासारखीला शंका नाही म्हणजे बघा. पण तीच ज्वारी, त्याच गाई, तेच मरण. आबांच्या हातून झालं असतं तर तो खून ठरला असता, काकूच्या हातून झालं तर चूक. या फरकासाठी कुणाला क्षणभर विचारही करावा लागला नाही. त्याचा मला संताप आला आणि तो काही अजून गेलेला नाही.

काकू आबांकडं वळली. "ह्यांनी बघितलं व्हतं मला," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पहाटं टोपलं घेऊन आले तवा मला म्हणले बी, बाई, भायेरचं काही घालू नका. मीच म्हणलं, माझ्या गाई हायत, तुमी तुमचं काम बघा."

"मग बोलला कावून न्हाई?" मेंबर आबांना म्हणाला. आवाज खाली आला होता, पण प्रश्न त्यानं आबांनाच विचारला.

"बोललो असतो," आबा म्हणाले, "तर तुमी आयकलं असतं का?"

डॉक्टरांनी हात धुतले, उरलेल्या धसकटांचा फुटवा खणून पुरून टाका, म्हणून बजावलं आणि ते निघाले. लोक पांगायला लागले. मला वाटलं, सुटलो. आता कुणीतरी आबांना दोन शब्द बोलेल. माफी नको, मी इतकी भोळी कधीच नव्हते. पण नुसतं 'बसा, चहा घ्या' तरी. आणि चेअरमन खरंच आबांच्या जवळ आले. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आवाजही मऊ होता. सबंध सकाळभर आमच्या बाजूनं उभा राहिलेला हा एकच माणूस.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "मनावर घेऊ नको. आता ह्या दोन तेवढ्या भायेर न्यायचं बघ. ऊन वाढायच्या आत. तुमच्या चार जनांना बोलव."

त्यांना त्यात काहीच गैर वाटलं नव्हतं. ते सहज म्हणाले. पूर्वी मेलेली जनावरं गावाबाहेर ओढून न्यायचं काम आमच्या लोकांचंच होतं. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी ते सोडलं, आणि सोडलं म्हणून कितीतरी दिवस आमच्या घराला गावात कुणी पीठ दळून दिलं नव्हतं. हे चेअरमनना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. जे निघाले होते ते थांबले आणि मागं वळून बघायला लागले.

आबांनी खांद्यावरचा हात बाजूला केला. झटकला नाही; उचलून बाजूला केला.

"जित्या जनावराला वैरण-पानी घालायची माझी नोकरी हाय, चेअरमन," ते म्हणाले. "मेलेल्याची न्हाई."

आणि ते टाकीकडं गेले.

चेअरमननी गर्दीकडं बघितलं, मेंबरकडं बघितलं. मेंबर आपल्या गाईची पाठ चोळण्यात गुंतला. शेवटी चेअरमननी स्वतःचा ट्रॅक्टर आणवला. साखळी हातात घेऊन ते मेलेल्या गाईभोवती एक फेरी मारून आले, मग दुसरी. पायाला बांधायची, गळ्याला की शिंगांना, त्यांना कळत नव्हतं. काकू बाजूला बसून पदरानं डोळे पुसत होती. साखळी कुठं बांधायची ते आबांना माहीत होतं. लहानपणी बापाबरोबर जाऊन त्यांनी ते केलेलं होतं. साखळी तीनदा निसटली. दर वेळी तिचा आवाज छावणीभर झाला आणि दर वेळी सगळ्यांनी आबांकडं बघितलं. आबा बादली भरत होते, गाईपुढं ठेवत होते, रिकामी झाली की पुढच्या गाईसाठी परत भरत होते.